गाळलेला आवाज

"ह्यो म्याच व्हय?"

कोंडीबा ढेबे पडद्याच्या इतके जवळ गेले होते की त्यांच्या हेल्मेटची कड काचेला टेकली. काळ्या पडद्यावर पिवळे ठिपके उमटले होते. तीन जवळजवळ, जरा मोकळी जागा, मग एक. पुन्हा तीन, पुन्हा एक.

"तुम्हीच," फिरोज मुजावर म्हणाला. "सकाळी आठ वाजून सात मिनिटं. बोगद्यात बाराशे साठ मीटरवर होता तुम्ही. आणि हे बारीक पुढं सरकत गेलेलं दिसतंय ना, ती तुमची पावलं."

"आन् मी तितं बोललो त्ये?"

"बोलणं नाही येत, काका. हादरा येतो. ठोकलं की कळतं."

कोंडीबा मागे सरकले आणि माझ्याकडे बघून हसले. "म्हंजी आत मी ठोकलं का भाईर म्याडमला कळनार. ब्येस झालं. आमच्या बायडीला सांगतो, आता काळजी करू नगं."

या गोष्टीला बारा वर्षं झाली. सह्याद्रीच्या एका रांगेतून पलीकडच्या तालुक्यात पाणी न्यायचा बोगदा खोदला जात होता. मी, स्वरूपा खानोलकर, तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि त्या कामावर मोजमापाच्या यंत्रांची इंजिनियर होते. बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याचा एक कंटेनर होता, तेच माझं ऑफिस. माझ्याकडे त्या सहा आठवड्यांत एकच काम दिलं होतं. डोंगर हलायला लागला तर आधी सांगणाऱ्या काचेच्या तारा बाजारात तीन प्रकारच्या होत्या. तिन्ही एकाच बोगद्यात बसवायच्या, तुलना करायची आणि कुठली घ्यावी ते लिहून द्यायचं.

तार म्हणजे केसाएवढी बारीक काच. तिच्यातून प्रकाश सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशात काय बदल झाला ते बघायचं. इथपर्यंत तिन्ही सारख्या. पहिल्या तारेत दर पंचवीस मीटरवर एक बिंदू होता. त्या बिंदूपाशी दगड कागदाच्या जाडीइतका सरकला तरी ती बरोबर आकडा द्यायची. दोन बिंदूंच्या मधे मात्र तिला काहीच दिसायचं नाही. दुसऱ्या तारेचा प्रत्येक मीटर बोलायचा, कुठे ताण आला, कुठे ऊब वाढली ते सांगायचा. पण बोगद्याची एक फेरी पुरी करायला तिला दहा मिनिटं लागायची. या दोन्ही छताला बसवल्या होत्या. तिसरी होती मुजावरच्या कंपनीची. ती जमिनीतल्या चरात, वाळूत पुरली होती, आणि ती ऐकायची. सेकंदाला हजारो वेळा. बोगद्याच्या दोन किलोमीटर लांबीत कुठेही काही हादरलं की त्याच क्षणी पडद्यावर ठिपका. दगड किती सरकला हे तिला सांगता येत नसे, आणि काय ऐकावं, काय सोडून द्यावं, हेही तिला कळत नसे.

मुजावर मिरजेचा. माझ्याहून चार वर्षांनी लहान, मनापासून काम करणारा. त्याच्या यंत्राची अवस्था वाईट होती. पहिल्या आठवड्यात त्यानं चारशेच्या वर इशारे दिले. त्यातले बहुतेक डंपरचे, ड्रिलचे, नाहीतर कोंडीबांचे.

कोंडीबा पन्नाशीचे होते. डोंगरापलीकडच्या धनगरवाडीतले. तरुणपणी घाटातल्या एका धरणावर कामाला लागले आणि तेव्हापासून बोगद्यातच होते. रोज सकाळी पाळी सुरू होण्याआधी हातात लांब पहार घेऊन ते आत जायचे आणि छत, भिंती ठोकत जायचे. घट्ट दगड खणखणीत वाजतो. आतून सुटलेला दगड बद्द वाजतो, फुटक्या मडक्यासारखा. तीनदा ठोकायचं, थांबून ऐकायचं, खात्रीसाठी आणखी एकदा. सुटलेला दगड असेल तर पहारीनं पाडून टाकायचा, म्हणजे माणसांच्या डोक्यात पडत नाही.

प्रकल्पाचे मुख्य अभियंता वर्तक साहेब दुसऱ्या सोमवारी कंटेनरमधे आले. इशाऱ्यांचा कागद त्यांनी वरून खालपर्यंत वाचला.

"खानोलकर, दिवसाला साठ वेळा बोंबलणारं यंत्र कोण विकत घेईल?"

"सर, त्यातलं आवाजाचं काम चांगलं आहे. गर्दी फार होतेय, एवढंच."

"मग तिसरी बाद करून टाका. उगाच आणखी पाच आठवडे कशाला?"

मुजावर कोपऱ्यात उभा होता. त्याचा चेहरा पडला. मला ते बघवलं नाही. शिवाय अशी तुलना करणं मला न्यायाचं वाटेना. साहेब गेल्यावर मी त्याला म्हटलं, "माणसांचे आवाज काढून टाकता येतील का? पावलं, ठोकणं, गाड्या. नुसता डोंगर राहू दे."

"येतं ना मॅडम. फिल्टर लावतो. पण ठोकण्याचा आवाज आणि दगड तडकल्याचा आवाज जवळजवळ असतात. एखादा तडा पण जाईल त्यात."

"मूळ नोंद तर राहते ना डिस्कवर?"

"ती सगळी राहते. फक्त पडद्यावर दिसणार नाही."

"मग लाव."

त्यानं लावला. दुपारपर्यंत पडदा स्वच्छ झाला. त्या आठवड्यात इशारे आले सात. साहेबांनी स्वतः येऊन पडदा बघितला आणि मान डोलावली. मुजावरनं मला पेढे आणून दिले.

पुढच्या गुरुवारी सकाळी कोंडीबा पाळीआधीचं काम संपवून माझ्याकडे आले. आल्या आल्या पडद्याकडे गेले.

"आज मी दिसत न्हाई जनू."

"आता तुम्हाला गाळलंय, काका," मी हसत म्हटलं. "तुमचाच आवाज फार व्हायचा."

तेही हसले. मी काय म्हटलं ते त्यांना कळलं होतं का, हा प्रश्न मी नंतर स्वतःला खूपदा विचारला. माझी खात्री आहे की कळलं नव्हतं. त्यांना ती थट्टा वाटली.

"म्याडम, अठराशे चाळीसाच्या आसपास डाव्या अंगाला वर दगुड बद्द वाजतुया. पाडाया गेलो तर हालत बी न्हाई. म्हंजी मोठा हाय. तुमच्या तारेला काय दिसतंय का?"

मी पहिल्या तारेचे आकडे काढले. अठराशे पंचवीसचा बिंदू शांत. अठराशे पन्नासचा बिंदू शांत. दुसऱ्या तारेवर किंचित ताण होता, ठरलेल्या मर्यादेच्या आतला.

"काही विशेष नाही दिसत."

"आसंल. पर वाजतंय खरं."

"नेमका कुठे वाजतोय त्यावर खूण कराल का? मग मी त्या जागेवर लक्ष ठेवते." टेबलाखाली लाल रंगाचा डबा आणि ब्रश होता. तो मी दाखवला. "हा न्या. घाई नाही. जमेल तेव्हा करा."

"सवडीनं करतो," असं म्हणून ते गेले. डबा त्या वेळी त्यांनी नेला नाही.

शुक्रवारी पावणेअकराला चहाची पाऊण तासाची सुट्टी झाली आणि आतली सगळी माणसं बाहेर आली. बोगद्याच्या तोंडाशी टोकनांची फळी होती. आत जाताना आपलं पितळी टोकन ‘आत’च्या खिळ्याला लावायचं, बाहेर आलं की ‘बाहेर’च्या. अकरा वाजता फळीवर सगळी टोकनं बाहेर होती. 

अकरा वाजून अठरा मिनिटांनी दुसऱ्या तारेची फेरी पुरी झाली आणि अठराशे अडतीस ते अठराशे त्रेचाळीस या पट्ट्यात ताणाची रेघ उभी वर गेलेली दिसली. मी फोन उचलला आणि तोंडावरच्या पहारेकऱ्याला सांगितलं, कोणालाही आत सोडू नको. अकरा बावीसला पायाखालची जमीन हलली. बोगद्याच्या तोंडातून धुळीचा लोट बाहेर आला. पहिली तार मेली, दुसरी मेली. तिसरी जमिनीत होती. ती जिवंत राहिली.

पुढचा तासभर माझी काय मनःस्थिती होती ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला आनंद झाला होता. आत कोणी नव्हतं, आणि तारेनं चार मिनिटं आधी सांगितलं होतं. अशी संधी तुलना करणाऱ्याला आयुष्यात एकदा मिळते. मी वहीत वेळा लिहीत होते. अकरा अठरा, अकरा बावीस.

पावणेबाराला वर्तक साहेब धावत आले. त्यांच्या चष्म्यावर धूळ होती.

"टोकनं सगळी बाहेर आहेत. तरी विचारतो. तुमची ती ऐकणारी तार चालू आहे ना? आत काही आहे का?"

मी मुजावरच्या पडद्याकडे बघितलं. बारीक दगड ओघळल्याचे दोन-चार ठिपके सोडले तर पडदा काळा, स्वच्छ होता.

"काही नाही सर. आत काही हालचाल नाही."

"नक्की?"

"नक्की."

मुजावर माझ्या शेजारीच बसला होता. फिल्टर लावलेला आहे हे त्या क्षणी त्याला आठवलं नाही, मलाही नाही. पडदा असाच दिसतो याची आम्हाला दहा-अकरा दिवसांत सवय झाली होती.

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. आत माणूस नसेल तर नियम सोपा होता. पुण्याहून भूगर्भतज्ज्ञ येऊन बघेपर्यंत कोणी आत जायचं नाही. ते चारपर्यंत पोहोचणार होते. मजुरांना सुट्टी दिली गेली. बरेचसे वसाहतीत गेले, काही गावात. मी डबा खाल्ला. मला आठवतं, भेंडीची भाजी होती आणि मला भूक लागली होती.

तीनला दहा कमी असताना मी टेबल आवरायला घेतलं. पुण्याचे पाहुणे येणार, तर निदान पसारा नको. टेबलाखालून दोऱ्यांची भेंडोळी काढली, जुने कागद काढले. तिथे रंगाचा डबा नव्हता.

"फिरोज, लाल रंग तू घेतलास?"

"नाही मॅडम. ढेबेकाका घेऊन गेले ना. तुम्ही खाली टोकनांपाशी गेला होता तेव्हा. अकराच्या सुमारास."

"अकराला? तेव्हा सगळे बाहेर होते."

"चहा पितापिताच आले होते. म्हणाले, आता गाड्या बंद हायत तवर खूण मारून येतो, पाच मिनिटांचं काम. साहेब म्हणाले टोकनं सगळी बाहेर आहेत, मला वाटलं ते आलेच परत."

मी बाहेर पळाले. कोंडीबांच्या टोळीतला एक जण पाण्याच्या टाकीपाशी बसला होता.

"ढेबेकाका कुठे आहेत?"

"घरी गेलं असत्याल. टोकन भाईर हाय की."

टोकन ‘बाहेर’च्या खिळ्याला होतं; पाच मिनिटांसाठी त्यांनी ते हलवलंच नव्हतं, आणि पहारेकरी तेव्हा चहाला गेला होता. त्याच्याच खाली, भिंतीच्या खुंटीला, त्यांच्या जेवणाची पिशवी होती. गाठ न सोडलेली.

मी कंटेनरमधे परत आले तेव्हा मुजावर आधीच यंत्रापाशी बसला होता. त्याचा हात माऊसवर होता आणि त्याला बटण दाबवत नव्हतं.

"काढ," मी म्हटलं.

त्यानं फिल्टर काढला.

अठराशे बावन्न मीटर. तीन ठिपके, मोकळी जागा, एक. आम्ही बघत असतानाच खालून पुन्हा वर आले. तीन, मोकळी जागा, एक.

"ठोकताहेत," मुजावर म्हणाला. "मॅडम, ते ठोकताहेत."

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी साहेबांच्या खोलीकडे ओरडतच गेले. त्यानंतर सगळं फार भराभर झालं. वर्तक साहेबांनी कोणाची वाट बघितली नाही. वीसेक माणसं, फावडी, लाकडी टेकू घेऊन ते स्वतः डंपरनं आत गेले. मला त्यांनी कंटेनरमधेच थांबायला सांगितलं. आवाज कुठून येतोय ते फोनवर सांगत राहायचं होतं.

सव्वातीनला मुजावर म्हणाला, "आतल्या छोट्या गाडीच्या रुळावर हातोडी मारायला सांगा. ऐकू जाईल त्यांना."

मी फोनवर सांगितलं. आतून कोणीतरी रुळावर तीन घाव घातले. पडद्यावर अठराशे तीसला तीन जाडसर ठिपके उमटले. मग काही क्षण काहीच नाही. आणि अठराशे बावन्नला एक. एकच.

"ऐकलं त्यांनी," मुजावर म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.

त्यानंतर घाव अंतराअंतरानं येऊ लागले. तीनच्या जागी दोन. दोनच्या जागी एक, तोही फिका. मी फोनवर सांगत होते, आहेत, आहेत, अजून आहेत. तीन बत्तीसला शेवटचा ठिपका आला. पुढच्याची वाट बघत मी पडद्यासमोर किती वेळ उभी होते ते मला माहीत नाही. आतून वर्तक साहेब विचारत होते, "खानोलकर, काही? काही येतंय?" आणि मी म्हणत होते, "थांबा सर. येईल."

पावणेसहाला ते त्यांच्यापर्यंत पोहोचले. ढिगारा नऊ-दहा मीटरच होता, माती आणि सुटे दगड. तो पार करायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. कोंडीबा पलीकडच्या बाजूला होते, डावा पाय मांडीपर्यंत एका मोठ्या दगडाखाली. अंगातलं रक्त जाऊन ते गेले होते. पहार हातात होती. चरावरची फरशी, जिच्याखाली तार होती, त्यांनी एका जागी ठोकून ठोकून फोडली होती.

त्या संध्याकाळी सगळे रुग्णवाहिकेबरोबर तालुक्याला गेले असताना मुजावरनं डिस्कवरची मूळ नोंद उघडली. पहिला घाव अकरा चोवीसचा. त्यानंतर सलग, मधे कधी पाच मिनिटांची, एकदा अकरा मिनिटांची विश्रांती. चार तास आठ मिनिटं. साहेबांनी मला विचारलं होतं पावणेबाराला. तेव्हाच खणायला लागलो असतो तर अडीचच्या आत पोहोचलो असतो. हे गणित आम्ही मोठ्यानं केलं नाही. दोघांनीही आपापल्या मनात केलं.

शनिवारी सकाळी मी वर्तक साहेबांना सांगितलं. वाईट माणूस नव्हते ते. आदल्या दिवशी त्यांनी हातानं दगड उपसले होते, दोन बोटांना पट्ट्या होत्या.

"चौकशी समिती बसेल," ते म्हणाले. "ते यंत्रांचा अहवाल मागतील. काय दिसलं, कधी दिसलं. जे मागतील ते द्या."

"आणि मूळ नोंद?"

"मागितली तर द्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो पोरगा पंचवीस वर्षांचा आहे. तुम्ही एकोणतीसच्या. ढेबे काही परत येणार नाही."

अहवालात मी लिहिलं, ‘अकरा बावीस ते तीन पाच या काळात पडद्यावर मानवी हालचाल आढळली नाही.’ एकही शब्द खोटा नव्हता. मूळ नोंद कोणी मागितली नाही. अशी काही नोंद असते हे समितीतल्या कोणाला माहीत नसावं. तुलनेच्या तक्त्यात मी दुसऱ्या तारेला पहिला क्रमांक दिला आणि सही केली.

मुजावरनं महिन्याभरात नोकरी सोडली. जाताना डिस्क माझ्यापुढे धरून म्हणाला, "पुसू का?"

"मला दे," मी म्हटलं. 

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. दहाव्यानंतर मी कोंडीबांच्या वाडीवर गेले होते. चढावरचं घर, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. त्यांच्या पत्नी बायडाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी त्यांची मुलगी वनिता, कॉलेजात जाणारी. मी बसले, आणि बसल्या बसल्या मला रडू आलं. बायडाबाईंनी मला पाणी दिलं. त्यांनी मला!

वनितानं विचारलं, "मॅडम, अण्णा तीन वाजता ठोकत होते म्हणतात. त्याच्या आधी नव्हते का ठोकत?"

मी म्हटलं, "नाही गं. बेशुद्ध असणार. तीनला शुद्ध आली, त्यांनी ठोकलं, आणि आम्ही लगेच धावलो."

"म्हणजे जास्त वेळ नाही गेला त्यांचा तसा."

"नाही. अर्धा तास असेल."

बायडाबाई माझ्याकडे बघत होत्या. निघताना त्यांनी माझ्या कपाळाला हळदकुंकू लावण्यासाठी मुलीला उठवलं. मी ते लावून घेतलं आणि उतरणीला लागले.

नंतर मी पुष्कळ कामं केली. रेल्वेचे बोगदे, धरणं, एक उड्डाणपूल. लोक मला या विषयातली जाणकार म्हणायला लागले. घरात कोणी भांडं आपटलं, खिळा ठोकला, की मी हातातलं काम टाकून मोजायला लागायचे. नवऱ्याला वाटायचं मला आवाज सहन होत नाही. शेजारी काम निघालं की तो खिडक्या लावून घ्यायचा, आणि मी त्या पुन्हा उघडायचे. बंद खिडक्यांची शांतता मला त्याहून नको वाटायची. डिस्क कपाटात होती. घर दोनदा बदललं, दोन्हीदा ती मी स्वतःच्या पर्समधून नेली.

गेल्या वर्षी एका सरकारी संस्थेत नव्या इंजिनियरांना शिकवायला बोलावलं होतं. विषय तोच. काचेच्या तारांचे प्रकार, त्यांची तुलना. मी तक्ता दाखवला, एकीचं काय बरं, दुसरीचं काय उणं. तिसऱ्या तारेविषयी म्हटलं, हिला नको ते फार ऐकू येतं, फिल्टर लावावा लागतो. मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, नको ते कुठलं, हे आधीच कसं ठरवायचं?"

वर्गातली तीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी पाणी प्यायले, माफी मागितली आणि तास तिथेच थांबवला.

त्या रविवारी मी वाडीवर गेले. आता वरपर्यंत डांबरी रस्ता झालाय. घराला पत्रे जाऊन स्लॅब आलाय. वनिता आशा सेविका आहे. अंगणात वजनाचा काटा टांगलेला होता, ती नुकतीच कुणाचं तरी बाळ तोलून परतवत होती. तिनं मला ओळखलं. नाव घेऊन "या" म्हणाली.

"आई?"

"आई गेली. दीड वर्ष झालं."

मी बसले. ती आत चहा टाकायला निघाली, तिला मी थांबवलं. म्हटलं, आधी ऐक. आणि सगळं सांगितलं. फिल्टर कोणी लावायला सांगितला, साहेबांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. घाव कधी सुरू झाले, कधी थांबले. अहवालातलं वाक्य. तिच्यापाशी याच अंगणात बोललेलं खोटं.

ती उभ्यानंच ऐकत होती. मी थांबल्यावर ती पायरीवर बसली.

"आईला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्यांना आंघोळ घातली तेव्हा. अण्णांचे हात दगडासारखे होते. वर्षानुवर्षं पहार धरलेली. त्या दिवशी दोन्ही तळहातांची सालपटं निघाली होती, आतलं मांस दिसत होतं. आई मला म्हणाली, हे अर्ध्या तासाचं काम न्हाई. तुझा बाप लई येळ ठोकत व्हता."

माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना.

"मी आले तेव्हा हे माहीत होतं तुम्हाला?"

"हो. म्हणून तर विचारलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोलणार होते. समितीकडे जाणार होते. आईनं जाऊ दिलं नाही." तिनं पदराच्या टोकानं पायरीवरची माती झटकली. "ती म्हणायची, ती पोरगी रडत व्हती, ती यील. तिची ती यील, आपून बोलवाया जायाचं न्हाई. दर दिवाळीला म्हणायची. शेवटच्या दुखण्यात पण एकदा म्हणाली, आली का गं ती? मला आधी कळेचना कोणाबद्दल विचारतेय."

मी पर्समधून डिस्क काढली.

"मी डिस्क आणलीय," मी म्हटलं. "ती तुमची आहे. ज्याला दाखवायची त्याला दाखव. मी सोबत येईन. जे होईल ते होईल."

"त्यातलं मला काय कळणार?" ती उठली, आत गेली आणि गरोदर बायकांच्या नोंदींची एक लांब वही घेऊन आली. मागचं कोरं पान उघडून पेनासकट माझ्यापुढे ठेवलं. "मला कळेल असं मराठीत लिहून द्या. तारीख, वेळ, सगळं. खाली सही करा."

मी लिहिलं. एक पान भरलं, दुसऱ्याचा अर्धा भाग. ती समोर बसून होती. लिहून झाल्यावर तिनं वही घेतली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचली. एका ठिकाणी बोट थांबलं.

"हे काय लिहिलंय? ‘कोंडीबा ढेबे यांचा आवाज आमच्याकडून गाळला गेला.’"

"हो."

"आमच्याकडून म्हणजे कोणाकडून?"

तिनं वही फिरवून परत माझ्याकडे सरकवली. मी ‘आमच्याकडून’ खोडलं, ‘गाळला गेला’ खोडलं. वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं, ‘मी गाळला.’

तिनं ते वाचलं, दोन्ही पानं वहीतून नीट फाडून घेतली आणि चहा टाकायला आत गेली.